काला अंबचे सतरा फोटो

त्याच्या स्क्रिप्टमधली चूक मला आठ दिवस आधीच दिसली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. लोकांना माहीत आहे ते इतकंच, की त्याच्या हातून चूक झाली आणि मी ती दुरुस्त केली. दोन्ही खरं आहे. मधलं मी गाळत आलो.

तेव्हा गुरुग्रामला गुडगाव म्हणायचे. मोहरीच्या शेतांच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्यात राहायला कोण येणार, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आमचं ऑफिस एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली मालक राहायचा, त्याचे कपडे आमच्या जिन्यात वाळत असायचे. आम्ही दहा-बारा जण लोकांना वेबसाइट करून द्यायचो. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला, अठ्ठावीस वर्षांचा. दिल्लीतल्या मुनिरकात एका खोलीत भाड्याने राहायचो. खोलीला खिडकी होती, पण ती जिन्यात उघडायची. सकाळी चार्टर्ड बस पकडायची, हरियाणाची बॉर्डर ओलांडायची, संध्याकाळी परत.

तो माझ्यानंतर वर्षभराने नोकरीला लागला. दिल्लीतच जन्मलेला मराठी. आजोबा सरकारी नोकरीसाठी आले ते इथलेच झाले, वडीलही सरकारी खात्यातून निवृत्त. हा बी.कॉम. झालेला. प्रोग्रॅमिंग नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेल्या जाड पुस्तकांतून आपलं आपण शिकला होता. पहिल्याच दिवशी माझं आडनाव कळल्यावर तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला.

"मराठी आहात? मग सर नाही म्हणणार मी, दादा म्हणणार. चालेल ना?"

"चालेल."

"माझी मराठी थोडी गडबड आहे हां. हसायचं नाही."

मी हसलो नाही. मी हसणाऱ्यांतला नव्हतोच. पुढचे सहा महिने मी त्याला शिकवलं. सर्व्हर म्हणजे काय, डेटाबेस कसा जोडायचा, रात्री चालणारी कामं सकाळी कशी तपासायची. तो वहीत लिहून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मलाच काहीतरी नवीन दाखवायचा. "दादा, हे असं पण होतं, बघ." ते असं पण व्हायचं, हे मला माहीत नसायचं.

मी त्याच्यावर जळायचो. हा शब्द लिहायला मला इतकी वर्षं लागली. आधी मी त्याला वेगवेगळी नावं देऊन बघितली. शिस्तीचा आग्रह, थोरलेपणाची काळजी. पण ते जळणंच होतं.

सरांचं त्याच्याशी जमायचं. सर म्हणजे आमचे बॉस, पंजाबी, मोठ्याने हसणारे. मी पहिल्या आठवड्यात मीटिंगमध्ये "मेरे को समझा" असं म्हणालो होतो, ते त्यांनी पुढे दोन वर्षं पुरवलं. मी केबिनमध्ये गेलो की विचारायचे, "बोलो मराठा साहब, तेरे को समझा?" सगळे हसायचे, मीही हसायचो. त्याला मात्र ते शेर म्हणायचे. त्याची हिंदी त्यांच्यासारखीच होती. गिऱ्हाइकासमोर त्यालाच बसवायचे. माझं काम त्याच्या तोंडून सांगितलं जायचं आणि जास्त चांगलं वाटायचं. मलासुद्धा.

पण ऑफिसचं मी सोसलं असतं. मला सोसलं नाही ते त्याचं घर.

दर रविवारी तो मला जेवायला घेऊन जायचा. डीडीएच्या सरकारी वसाहतीतला फ्लॅट, दुसरा मजला, दारात तुळस. त्याची आई, म्हणजे माझ्या काकू, दार उघडताना पहिल्यांदा माझ्याकडे बघायच्या. "वाळलास रे. मुनिरकाचं पाणी लागत नाही वाटतं." मग मुलाकडे वळून, "आणि तू, तुला कोथिंबीर आणायला सांगितली होती."

एकदा तो स्वयंपाकघरातून ओरडला, "आई, कद्दूकस कुठे आहे?"

"काय?"

"ते यार, ज्याने गाजर करतात."

"किसणी," काकू म्हणाल्या. "तुझ्या जन्माच्या आधीपासून घरात आहे. तिला तिच्या नावाने कधी हाक मारलीस तर सापडेल."

त्याचे वडील वर्तमानपत्रामागून म्हणाले, "त्याला नको बोलूस. आपणच त्याला दिल्लीत जन्माला घातलं."

आणि सगळे हसले. बोलणी खाल्लेला मुलगासुद्धा, गाजर हातात घेऊन. मी ते बघत राहिलो. माझ्या घरी दोन भावांत हुशार कोण हे फार लवकर ठरलं होतं आणि तो मी नव्हतो. आमच्याकडे बोलणी बसली की त्यानंतर कुणी हसत नसे, ताटं आवाज न करता उचलली जात. घरात असं चुकता येतं, हे मी पंचवीस वर्षं उशिरा पाहत होतो, आणि त्या पोराला त्यात काही विशेष वाटतच नव्हतं. काकू मला दुसऱ्यांदा भात वाढायच्या, तेव्हा मला त्यांचं प्रेम कळायचं आणि त्याचाच राग यायचा. त्याच्यावर.

इथल्या जुन्या मराठी घरांचं एक मंडळ होतं. दरवर्षी संक्रांतीला ते बस करून पानिपतला, काला अंबला जायचे. ज्या दिवशी आपण तिळगूळ वाटतो तोच दिवस तिथल्या लढाईचा. महाराष्ट्रातूनही लोक येतात, स्मारकाला फुलं वाहतात, घोषणा होतात, आणि मग तिथेच मैदानात एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवला जातो. त्या वर्षी मंडळाने ठरवलं, की आपली वेबसाइट करायची आणि काला अंबचे फोटो तिच्यावर टाकायचे, म्हणजे पुण्या-साताऱ्याच्या नातेवाइकांना घरबसल्या दिसतील. काम अर्थात त्याने अंगावर घेतलं, फुकट.

फोटो चढवायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, त्याने घरी बसून लिहिला. संक्रांतीच्या आठ दिवस आधी त्याने ती मला दाखवली.

"दादा, एकदा नजर टाक ना. घरी एकदम मस्त चालते. सर्व्हर काल मिळाला, त्याच्यावर फक्त ठेवून दिलीये."

त्याच दिवशी सकाळी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की एका बिल्डरचं मोठं काम येतंय. शेकडो फ्लॅट, प्रत्येकाचे फोटो, दलालांनी आपापल्या जागेवरून चढवायचे. मंडळाची साइट नीट चालली तर तीच बिल्डरला दाखवू आणि ते काम शेर सांभाळेल. चार माणसं त्याच्या हाताखाली. त्या चारांत मी होतो.

मी स्क्रिप्ट उघडली. चूक शोधावी लागली नाही. अशा स्क्रिप्टला फोटो कुठे ठेवायचा त्याचा पत्ता द्यावा लागतो: कुठली ड्राइव्ह, तिच्यात कुठला फोल्डर, त्याच्या आत कुठला. त्याने दिलेला पत्ता त्याच्या घरच्या कॉम्प्युटरचा होता. सी ड्राइव्हपासून सुरू होणारा, विंडोजच्या पद्धतीने उलट्या तिरक्या रेघांनी जोडलेला. मंडळाची साइट राहणार होती अमेरिकेतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर. तो विंडोजवर नाही, लिनक्सवर चालायचा. तिथे सी ड्राइव्ह नसतेच, आणि रेघाही सरळ लागतात. एक ओळ बदलायची होती. आपल्या घरात चालतं ते सगळीकडे चालेल, असं घरात सुखाने वाढलेल्या माणसालाच वाटू शकतं.

तो माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याच्या डब्यातल्या गुळाच्या पोळीचा वास येत होता. अर्धी माझ्यासाठी असायची.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"पक्का?"

"पक्का."

मी काय योजलं होतं तेही सांगतो. फोटो चढवायला गेला की चूक दाखवणारा संदेश येईल, तो गडबडेल, सर बघतील, आणि मी उठून एक ओळ बदलून देईन. एवढंच. त्याची पाच मिनिटांची फजिती मला हवी होती. त्याहून जास्त नको होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

संक्रांतीला मीही बसमध्ये होतो. ऑफिसचा डिजिटल कॅमेरा त्याने मागून आणला होता. तो जुन्या पद्धतीचा, आत फ्लॉपी घालायचा. एका फ्लॉपीत आठ-दहा फोटो मावायचे. थंडी मरणाची होती, कर्नाल रोडवर धुक्यात पुढच्या ट्रकचे दिवेही दिसत नव्हते. तो बसमध्ये माझ्या कानाशी लागून म्हणाला, "दादा, आज एक काम केलंय. बाबांना माहीत नाही. मोठे काका येतायत."

मोठे काका म्हणजे त्याच्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ, साताऱ्याला राहणारे. आजीच्या शेवटच्या आजारात कोण आलं आणि कोण आलं नाही, यावरून दोघा भावांचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. ह्याने चोरून फोन करून करून साताऱ्याच्या लोकांबरोबर त्यांना पानिपतला बोलावलं होतं.

स्मारकाच्या लोखंडी कठड्यापाशी ते उभे होते, माकडटोपी घालून. वडिलांनी त्यांना बघितलं आणि ते थांबले. मग काकूंनी पिशवीतून डबा काढला, एक लाडू वडिलांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "द्या."

वडिलांनी हात पुढे केला. मोठ्या काकांनी लाडू घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"तिळगूळ दिलास. गोड बोलणार आहेस, का नुसताच देतोयस?"

"आधी खा. कडक झालाय, दात सांभाळ."

"दात कुठे राहिलेत. अकरा वर्षांत गेले सगळे."

त्याला कॅमेरा धरवेना. त्याने तो माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. तो फोटो मी काढला. नंतर दोघे भाऊ धर्मशाळेकडे निघाले, एकाच वेळी दोघेही बोलत, आणि तो त्यांच्या मागून रडत हसत चालला होता. मी सगळ्यांच्या मागे. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, हेसुद्धा ह्यालाच जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या आधी ऑफिसात पोचला होता. अकरा वाजता बिल्डरची माणसं यायची होती. साइट बघायची आणि आमचाच कॅमेरा घेऊन नमुन्याच्या फ्लॅटचे फोटो काढायला जायचं. ऑफिसचा नियम होता, की कॅमेरा परत करताना फ्लॉप्या कोऱ्या करून द्यायच्या आणि ऑफिसच्या मशीनवर खाजगी काही ठेवायचं नाही. एकदा कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो गिऱ्हाइकाकडे गेले होते, तेव्हापासून. म्हणून तो फोटो फ्लॉपीतूनच थेट साइटवर चढवत होता. मी शेजारी बसलो.

मी चूक दाखवणाऱ्या त्या संदेशाची वाट बघत होतो. तो आला नाही. पहिला फोटो गेला आणि पडद्यावर आलं: फोटो चढला. दुसरा. फोटो चढला. प्रत्येक फोटोखाली तो मराठीत ओळ टाइप करत होता, इंग्रजी अक्षरांत. 'बाबा आणि मोठे काका, काला अंब' ही ओळ टाइप करून त्याने माझ्याकडे बघितलं. "तुझा फोटो, दादा. एकदम झकास."

क्षणभर मला वाटलं, आपलंच चुकलं असेल. पण क्षणभरच. फोटो जिथे जायला हवा तिथे जाऊ शकत नव्हता, हे मला माहीत होतं. स्क्रिप्ट काम झालं म्हणत होती ते कशाच्या जोरावर, एवढंच कळत नव्हतं. सतरा फोटो झाले. खाली गाडीचा हॉर्न वाजला. लाइन इतकी मंद होती की साइट उघडून सगळे फोटो दिसायला पंधरा मिनिटं लागली असती.

"चढले ना सगळे," तो म्हणाला. "सर आले की सगळे मिळूनच बघू." आणि त्याने पहिली फ्लॉपी कोरी करायला घातली.

"थांब, आधी उघडून बघ." पाच शब्दही पूर्ण नाहीत. ते माझ्या तोंडात तयार होते. मी उठलो आणि चहा आणायला गेलो.

परत आलो तेव्हा फ्लॉप्या कोऱ्या झाल्या होत्या, बिल्डरचा एक माणूस कॅमेरा घेऊन बांधकामावर निघून गेला होता आणि दुसरा सरांबरोबर पडद्यासमोर बसला होता. साइट उघडली. एकाखाली एक सतरा रिकाम्या चौकटी, प्रत्येकीच्या कोपऱ्यात लहान लाल फुली, आणि खाली त्याच्या ओळी. धर्मशाळेतलं जेवण. साताऱ्याची मंडळी. बाबा आणि मोठे काका, काला अंब.

"शेर," सर म्हणाले, "फोटो कहाँ हैं भाई?"

त्याने तीनदा पान पुन्हा उघडलं. मग तो जिना उतरून धावला. रिक्षा करून बिल्डरच्या माणसामागे गेला. कोऱ्या केलेल्या फ्लॉपीतूनही काही वेळा जुनं परत मिळतं, हे त्याला मीच शिकवलं होतं. त्याला तो माणूस दुपारी सापडला. फ्लॉप्या भरल्या होत्या. त्याच्या वडिलांच्या जागी आता कुठल्या तरी फ्लॅटचं बाथरूम होतं. निळ्या टाइल्स, वेगवेगळ्या बाजूंनी.

इकडे सर मला म्हणाले, "तू देख."

मी सर्व्हरवर गेलो. आणि मला ते दिसले. स्क्रिप्ट जिथे ठेवली होती तिथेच, तिच्या शेजारी, सतरा फाइली. लिनक्सला तो उलट्या रेघांचा पत्ता पत्ता वाटलाच नव्हता. त्याने ते सगळं मिळून एक लांबलचक नाव समजलं, ड्राइव्हपासून फोटोपर्यंत, आणि त्या नावाने प्रत्येक फोटो हाताशी होता तिथेच ठेवून दिला. म्हणून तो काम झालं म्हणत होता. त्याच्या दृष्टीने झालंच होतं. काहीही हरवलं नव्हतं. नावं बदलून फोल्डरात टाकले की दहा मिनिटांत साइट उभी.

इथे मी थांबलो होतो, हे मला स्वच्छ आठवतं. हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले होते. फोटो मिळाले तर ती नवख्याची गंमतीची चूक ठरणार होती. सर हसणार, बिल्डरचा माणूस हसणार, त्याच्या घरी रविवारी गाजर किसताना तेच पुन्हा सांगून सगळे हसणार. फोटो गेले असतील तर ती चूक राहणार होती.

मी सतराच्या सतरा माझ्या मशीनवर उतरवून घेतले. पंधरा-वीस मिनिटं लागली. लोकांना वाटलं मी दुरुस्ती करतोय. मग सर्व्हरवरचे पुसले. मग ती एक ओळ बदलली.

तो परत आला तेव्हा सरांनी त्याच्यासमोरच मला विचारलं, "कुछ बचा?"

"नहीं सर."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दादाने बघितलंय म्हणजे नाहीच उरलं काही."

त्याच्या आवाजात शंका नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

बिल्डरचं काम मला मिळालं. सरांनी त्या दिवसापासून 'तेरे को समझा' बंद केलं, आणि बरेच दिवस मला त्याचंच सुख होतं. ते काम दाखवून मी पुढची नोकरी मिळवली, मग त्यापुढची. तो माझ्या हाताखाली तीन महिने होता. मान खाली घालून काम करायचा, प्रत्येक ओळ मला दाखवायचा, दोनदा. ते बघूनही माझं जळणं थांबलं नाही. घरी काय झालं असेल तेच मनात यायचं. घरी काही झालं नव्हतं. वडील म्हणाले होते, "फोटो गेला तर गेला, भाऊ तर आला." त्यानंतर त्याने प्रोग्रॅमिंग सोडलं आणि वडिलांच्या मित्राच्या ट्रॅव्हल एजन्सीत लागला. म्हणाला, "दादा, मला नाही जमत हे. माझ्यात तेवढी काळजी नाही." ज्याने अकरा वर्षांचा अबोला फोनवरून सोडवला तो मला हे सांगत होता. मी म्हणालो, "बघ विचार करून." तेवढंच.

मोठे काका त्याच वर्षी, दसऱ्याच्या आधी गेले. दोघा भावांची पुन्हा भेट नाही झाली. मी भेटायला गेलो तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसल्या होत्या.

"तो फोटो तूच काढला होतास ना रे?"

"हो."

"कसा आला होता?"

तो फोटो माझ्या खोलीत सीडीवर होता. मी तो कितीतरी वेळा पाहिला होता. मी सांगू लागलो. मोठ्या काकांची माकडटोपी, तिची एक बाजू वर गेलेली. त्यांचा हात धाकट्या भावाच्या खांद्यावर, पण पूर्ण टेकलेला नाही, दोनच बोटं टेकलेली. मोठ्या काकांचा गाल फुगलेला, लाडू तोंडातच. मागे तो काळा खांब, वर धुक्यात गेलेला. "आणि तुमच्या शालीचं टोक आलं होतं, काकू. डाव्या कोपऱ्यात."

"कुठली शाल, जांभळी?"

"जांभळी."

"म्हणजे मीही आहे त्यात." त्यांनी पदर सारखा केला. "किती नीट लक्षात ठेवलंस. आमच्याला तर काही आठवत नाही, तो नुसता रडत होता."

पुढे दोन-तीन वर्षांआड कधी ना कधी त्या मला विचारायच्या आणि मी सांगायचो. त्यांना वाटायचं मी आठवून सांगतोय. मी बघून आलेला असायचो.

द्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा सीडी खिशात घालून गेलो होतो. सांगणार होतो, की जुन्या मशीनमध्ये सापडले. पण तो दारातच म्हणाला, "दादा, बरं झालं आलास," आणि मला ते खोटंही बोलता आलं नाही आणि खरंही. प्रत्येक वर्षी ते आणखी कठीण होत गेलं, कारण फोटोंबरोबर ते वर्षही परत द्यावं लागलं असतं. माझं लग्न झालं, मुलगी झाली. आम्ही गुरुग्रामच्या एका सोसायटीत चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. सीडी चालवणारी मशीन गेली, तेव्हा मी ते फोटो पुढच्या मशीनवर घेतले, मग त्यापुढच्या. दर वेळी एखाद्या नीरस नावाच्या फोल्डरात, त्याच्या आत आणखी एकात, कुणी सहज उघडणार नाही अशा जागी. पत्ता मला पाठ आहे.

दर संक्रांतीला सकाळी त्याचा फोन येतो. "दादा, तिळगूळ घे, गोड बोल." मी म्हणतो, "तूही." फोन ठेवल्यावर आजही मला जे वाटतं ते निव्वळ पश्चात्ताप नाही. त्याला इतक्या सहज फोन करता येतो, याचाही मला हेवा वाटतो.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. वडील आहेत. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात करायचं घाटतंय. त्यांना हल्ली माणसं ओळखू येतात आणि येत नाहीत. पण मोठ्या भावाची वाट बघतात, सारखं विचारतात तो साताऱ्याहून निघाला का. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: "दादा, बाबांना दाखवायला जुने फोटो गोळा करतोय. तुझ्याकडे काही असतील तर पाठव ना यार. बाबा आणि मोठे काका एकत्र असा आमच्याकडे एकपण नाही. तो माझ्यामुळे गेला."

त्याला उत्तर म्हणून मी हे लिहायला बसलो. मेसेजमध्ये मावेना, म्हणून इथे. हे छापून येण्याआधी ते त्याच्या हातात द्यायचं ठरवलं आहे. मी ठरवतो ते नेहमी करतोच असं नाही, हे वर लिहिलंच आहे.

त्याच्यामुळे काहीही गेलेलं नाही. त्याचे सतरा फोटो माझ्याकडे आहेत, आणि मी ते त्याला देणं लागतो.